चार माणसांत बोलताना

बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, अशा अर्थाची एक म्हण आपल्या लोकांत फार दिवसांपासून चालत आली आहे. म्हण व्यवहारातली आहे आणि बाजारापुरती ती खरीही असेल. परंतु सभेत बोलण्याची विद्या म्हणजे माती विकण्याची विद्या, असा जो समज तिच्यामुळे पुष्कळांच्या मनात रुजला आहे, तो आम्हांस घातक वाटतो. या समजापायी दोन प्रकारची माणसे तयार होतात. काही जण, भाषण म्हणजे नुसता शब्दांचा फसवा खेळ, असे मानून सभेत तोंडच उघडीत नाहीत. आणि काही जण, जितके अधिक व जितके मोठ्याने बोलावे तितका आपला माल अधिक खपेल, अशा समजुतीने एकदा हाती आलेले व्यासपीठ सोडण्याचे नाव घेत नाहीत. पहिल्यांच्या मौनाने सार्वजनिक कामाचे नुकसान होते, आणि दुसऱ्यांच्या बोलण्याने ऐकणाऱ्यांचा धीर सुटतो. या वार्षिकाच्या विद्यार्थी वाचकांनी या दोहोंपैकी कोणत्याही वाटेने जाऊ नये, आणि त्यांच्या आईबापांनी त्यांस तसे जाऊ देऊ नये, एवढ्याच हेतूने आम्ही चार शब्द लिहीत आहो.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या वाटेवर भवानीनगर आहे. या परिसरात आमची शिक्षकीची बरीच वर्षे गेली, आणि मुलांची भाषणे बसवून घेण्याचे व परीक्षकाच्या खुर्चीवर बसून ती ऐकण्याचे काम आमच्याकडे पुष्कळदा आले. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आणि श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना, या दोहोंच्या आधाराने येथील संसार चालतात. अशा ठिकाणी माणसाला सभा टाळता येत नाही. कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा असते, गावची ग्रामसभा असते, सोसायटीची सभा असते, शाळेत पालकांची सभा असते. सहकारी संस्थेचा नियम असा आहे की, शेअर कितीही असोत, एका सभासदास मत एकच. कागदावर सर्वांस सारखाच अधिकार आहे. परंतु सभेत उभे राहून दोन वाक्ये नीट बोलता येणाऱ्याचा अधिकार जागा असतो आणि ज्यास ती येत नाहीत त्याचा निजलेला असतो. पाण्याची पाळी चुकली म्हणून घरी आठ दिवस चडफडणारा शेतकरी सभेत खाली मान घालून बसतो. ठराव वाचला जातो. कोणी हरकत घेत नाही. आणि कार्यवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ असे दोन शब्द लिहिले जातात. त्या दोन शब्दांत त्याच्या मौनाचीही गणना झालेली असते. बोलण्याच्या शिक्षणाचे महत्त्व यापेक्षा अधिक फोडून सांगावयास नको.

आमच्या पूर्वीच्या पिढीतील विचारी माणसांनी हे ओळखले होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती बक्षिसे वाटण्यासाठी झाली नाही. आपल्या लोकांनी चार माणसांत उभे राहून विषयास धरून बोलावे, व इतरांनी ते शांतपणे ऐकून त्याचा विचार करावा, ही सवय समाजास लावण्याचा तो प्रयत्न होता. आज शाळाशाळांतून वक्तृत्वस्पर्धा होतात, ढाली व प्रशस्तिपत्रे दिली जातात. परंतु ती मूळची सवय लागते आहे की नाही, याची शंका येण्याजोगे प्रकार आम्ही अनेकदा पाहिले आहेत. त्यांतील नेहमीचे काही येथे एकामागून एक घेऊ.

पहिला दोष उसनेपणाचा. कोणत्याही स्पर्धेस जाऊन बसा. मूल व्यासपीठावर येते, हात जोडते, आणि आदरणीय अध्यक्षमहाशय, पूज्य गुरुजनवर्ग व येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, अशी नांदी म्हणून, आपण ते शांतचित्ताने ऐकून घ्याल अशी नम्र विनंती करते. विनंती नम्र आहे यात वाद नाही. परंतु एकाच सकाळी ती पंचवीस वेळा ऐकली म्हणजे चित्ताची शांती उरत नाही. १ ऑगस्ट हा दिवस घ्या. १९२० साली या तारखेस लोकमान्य टिळक मुंबईत निवर्तले, आणि त्याच साली त्याच तारखेस वाटेगावी अण्णाभाऊ साठे जन्मले. एकाच दिवसावर केवढे दोन विषय! तथापि टिळकांवर बोलणारी बहुतेक मुले शेंगांची टरफले उचलण्याचे नाकारणाऱ्या विद्यार्थ्यापाशी येऊन थांबतात, आणि अण्णाभाऊंवर बोलणारी, ते दीड दिवस शाळेत गेले, एवढे सांगून खाली उतरतात. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले. अण्णाभाऊंनी ‘फकिरा’ ही कादंबरी लिहिली. यांपैकी काय वाचले, कोणती गोष्ट मनाला लागली, हे कोणी सांगत नाही. ज्याने भाषण लिहून दिले त्याने सांगितले नाही, म्हणून म्हणणाऱ्यानेही सांगितले नाही. यात मुलांचा अपराध थोडा आणि लिहून देणाऱ्या वडील मंडळींचा अधिक.

या ठिकाणी आम्ही ऐकलेले एक भाषण सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी ३ जानेवारीस, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त, या भागातील एका शाळेत स्पर्धा होती व परीक्षकांत आम्ही होतो. हंगामाचे दिवस होते. ऊसतोडीसाठी दूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांच्या कोप्या उसाच्या फडांच्या आसपास पडल्या होत्या, आणि त्यांतील थोडी मुले त्या शाळेत बसू लागली होती. त्यांपैकी एक दहाअकरा वर्षांची मुलगी अगदी शेवटी उभी राहिली. तिच्याअगोदर सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली नायगाव येथे झाला हे वाक्य आम्ही सतरा वेळा ऐकले होते. तिने ते म्हटले नाही. ती म्हणाली की, आमची गाडी काट्यावर जाते तेव्हा वजनाची पावती मिळते. बाला ती वाचता येत नाही, आईला येत नाही. ती मी वाचते. मागच्या सालापर्यंत मुकादम सांगेल ते वजन होते, औंदा पावतीवर आहे ते वजन आहे. सावित्रीबाईंनी पोरींची शाळा काढली नसती तर ती पावती मी कशी वाचली असती, असे म्हणून ती क्षणभर थांबली, पुढचे काही सुचेना म्हणून इकडेतिकडे पाहिले, आणि खाली उतरली. नमस्कार करावयाचेही तिला भान राहिले नाही.

सभागृहात काही क्षण कोणीच टाळी वाजविली नाही. मग सर्वांनी एकदम वाजविली. परीक्षकांच्या कागदावर शुद्ध उच्चार, हावभाव, पाठांतर व वेळ असे रकाने होते. त्या रकान्यांप्रमाणे तिला बक्षीस मिळाले नाही. आम्ही आमच्या कागदावर तिला पहिली ठेविली होती, परंतु बेरीज तिघांची होते. हंगाम संपल्यावर ते कुटुंब आपल्या मुलखास परत गेले. ती पुढे शाळेत राहिली की कोयता तिच्याही हाती आला, हे कळावयास मार्ग नाही. मात्र भाषण म्हणजे काय, असे कोणी विचारले म्हणजे आमच्या मनात तिचे ते आठदहा वाक्यांचे बोलणे येते. तिच्यापाशी सांगण्याजोगे काहीतरी होते, ते तिचे स्वतःचे होते, आणि ते सांगून होताच ती थांबली. बाकीचे नियम याच तीन गोष्टींच्या पोटात येतात.

दुसरा दोष शब्दशः पाठांतराचा. पाठांतरास आम्ही नावे ठेवीत नाही. स्मरणशक्तीस ते चांगले वळण लावते. परंतु ओळीस ओळ जोडून पाठ केलेले भाषण साखळीसारखे असते. एक कडी निसटली की पुढची सारी साखळी विहिरीत जाते. मग मूल वर आढ्याकडे पाहते, मागील वाक्य पुन्हा म्हणते, आणि शेवटी रडवेले होऊन खाली येते. उपाय सोपा आहे. शब्द पाठ न करता क्रम पाठ करावा. विषयाचे तीन किंवा चार मुद्दे काढावे, तळहाताएवढ्या कागदावर प्रत्येकाचा एकेक शब्द लिहावा, आणि पहिले व शेवटचे वाक्य तेवढे नक्की ठरवून ठेवावे. पहिले ठरलेले असले म्हणजे सुरुवातीची धडधड निभावते. शेवटचे ठरलेले असले म्हणजे थांबावे कोठे, हे कळते. मधला भाग घरी तीन वेळा मोठ्याने, प्रत्येक वेळी निराळ्या शब्दांत बोलून पाहावा. शब्द बदलले तरी अर्थ बिघडत नाही, असा अनुभव आला की भीती निम्मी होते.

तयारी कशी असावी याचे उदाहरण पाहिजे असेल तर नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे घ्यावे. १९०२ सालच्या मार्चमध्ये कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीत शिल्लक पडली म्हणून सर्वत्र समाधान व्यक्त होत होते. गोखल्यांनी सरकारचेच आकडे हाती घेऊन दाखविले की, दुष्काळाने गांजलेल्या रयतेकडून गरजेहून अधिक कर घेतला म्हणून ती शिल्लक पडली आहे. तीत देशाच्या भरभराटीची खूण नाही. त्यांनी आरडाओरड केली नाही, कोणाची निंदा केली नाही; परंतु आकडे पक्के असल्यामुळे समोरच्यांस ते ऐकून घेणे भाग पडले. पुढील साली मिठावरील कर काहीसा उतरला. ज्यास कारखान्याच्या सभेत उसाच्या भावाविषयी विचारावयाचे आहे, त्याने मुठी आवळण्यापूर्वी अहवालाची पाने उलटावी, हा धडा या भाषणातून घेण्याजोगा आहे.

तिसरा दोष घाईचा. मनात भीती शिरली की जीभ धावू लागते, आणि पाच मिनिटांचे भाषण तीन मिनिटांत संपते. ऐकणाऱ्यांच्या कानांवरून मात्र ते रुळांवरून गाडी जावी तसे जाते. या बाबतीत आपल्याकडील कीर्तनकार उत्तम गुरू आहेत. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडी, भवानीनगर, सणसर या वाटेने पंढरीकडे जाते. तेव्हा मुक्कामाच्या गावी रात्री कीर्तन उभे राहते. ते ऐकताना भक्तीबरोबर थोडे लक्ष बोलण्याच्या पद्धतीकडेही द्यावे. कीर्तनकार एक विचार मांडतो आणि थांबतो. मागचे टाळकरी धृपद उचलतात. तेवढ्या वेळात ऐकणाऱ्याच्या मनात तो विचार मुरतो, आणि बोलणाराही पुढच्या वाक्यासाठी दम घेतो. भाषण करणाऱ्याच्या मागे टाळकरी नसतात. म्हणून ती विश्रांती त्याने स्वतःच निर्माण करावी. एक मुद्दा संपला म्हणजे मनात तीन अंक मोजावे आणि मग पुढे जावे. बोलणाऱ्यास ते तीन अंक फार लांब वाटतात. ऐकणाऱ्यास ते जाणवतही नाहीत.

आवाजाविषयीही येथेच सांगू. ध्वनिक्षेपक आल्यापासून ओरडण्याची गरज संपली. परंतु ओरडणे काही संपले नाही. त्या यंत्रावर बोटाने टकटक करणे, त्यात फुंकर मारणे, ‘हॅलो हॅलो’ म्हणून सर्वांस दचकविणे, आणि नंतर त्यास ओठ लावून गर्जना करणे, हे प्रकार रोजचे झाले आहेत. ध्वनिक्षेपक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा, मान वळविली तरी ते अंतर राखावे, आणि पहिले वाक्य बोलताना अगदी शेवटच्या रांगेतील एखाद्या माणसाकडे पाहावे. त्याच्या चेहऱ्यावरून ऐकू येते की नाही हे कळते. वीज गेली तर पुढे सरकावे, श्वास पोटातून घ्यावा व शब्दांची शेवटची अक्षरे गिळू नयेत. पुष्कळांचे वाक्य खणखणीत सुरू होते आणि क्रियापदापाशी येऊन विरते. मराठीत क्रियापद शेवटी येते. तेच ऐकू न आल्यास काम केले की केले नाही, हे ऐकणाऱ्यास समजावे कसे?

मुलींच्या आवाजाविषयी दोन शब्द निराळे लिहिणे अवश्य आहे. मुलगी हळू बोलते म्हणून तिला भाषणास उभीच न करणे, हा प्रकार अजूनही पुष्कळ घरांत व काही शाळांतही आढळतो. केडगावच्या मुक्तिसदनामुळे आपल्या जिल्ह्यास परिचित असलेल्या पंडिता रमाबाई यांची एक हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईस राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले, त्यास जोडून सामाजिक परिषदही झाली. विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलण्यास रमाबाई उभ्या राहिल्या तेव्हा मंडपात गलबला होता. त्या बोलू लागल्या नाहीत. सभा शांत होईपर्यंत नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी अशा आशयाचे उद्गार काढले की, माझा आवाज तुम्हांपर्यंत पोहोचत नाही यात नवल नाही. स्त्रियांचा आवाज मोठा व्हावा अशी संधी तुम्ही त्यांस इतक्या शतकांत दिलीच नाही. या हकीकतीतून मुलींनी उभे राहून शांततेची वाट पाहण्याचे धैर्य शिकावे. आईबापांनी व शिक्षकांनी मात्र दुसरी गोष्ट शिकावी, ती ही की आवाज वापरल्याने वाढतो, आणि घरात ज्या मुलीस ‘तू गप्प बैस’ असे रोज सांगितले जाते, तिच्याकडून व्यासपीठावर खणखणीत आवाजाची अपेक्षा करणे न्यायाचे नाही.

चौथा दोष लांबणीचा. हा दोष मुलांपेक्षा मोठ्यांत अधिक, म्हणून तो सांगताना आम्हांस पालकवर्गाची क्षमा मागितली पाहिजे. शाळेच्या पटांगणात मुले उन्हात बसलेली असतात. व्यासपीठावर सत्कार चाललेला असतो. शाल, श्रीफळ, हार, आणि प्रत्येक पाहुण्याच्या नावामागे त्याच्या सर्व पदांची माळ. मग एखादे गृहस्थ, वेळेअभावी आपण अधिक बोलणार नाही, असे आश्वासन देऊन उभे राहतात आणि पाऊण तास बोलतात. या संबंधात १८६३ सालच्या १९ नोव्हेंबरची गोष्ट स्मरणात ठेवावी. अमेरिकेतील गेटिसबर्ग येथे यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीचा समर्पणविधी होता. त्या काळचे नामांकित वक्ते एडवर्ड एव्हरेट हे सुमारे दोन तास बोलले. त्यांच्यानंतर अध्यक्ष अब्राहम लिंकन हे अवघी दोनतीन मिनिटे बोलले. आज जगाच्या स्मरणात आहे ते लिंकन यांचे भाषण. स्वतः एव्हरेट यांनी दुसऱ्याच दिवशी लिंकन यांस पत्र लिहून मोठ्या मनाने कळविले की, आपण दोन मिनिटांत ज्या मुख्य गोष्टीस हात घातला, तिच्या तितके जवळ मला दोन तासांत जाता आले असते तर समाधान वाटले असते. दिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट अगोदर खाली बसणाऱ्या वक्त्यास आजवर कोणी दोष दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

पाचवा दोष परक्या भाषेचा. येथे परकी भाषा म्हणजे इंग्रजी, एवढेच आम्हांस अभिप्रेत नाही. ज्या शब्दांचा अर्थ स्वतःस ठाऊक नाही ते मराठी शब्दही परकेच होत. ‘प्रगल्भ’, ‘दैदीप्यमान’, ‘क्रांतदर्शी’ असे शब्द लहान मुलाच्या तोंडी घातले म्हणजे बापाचा सदरा पोराच्या अंगात घातल्यासारखे दिसते. याच्या उलट, घरचे शब्द तोंडी आले म्हणजे हसणारेही पुष्कळ असतात. ‘नाही’ ऐवजी ‘न्हाय’ व ‘होते’ ऐवजी ‘व्हतं’ असे एखाद्या मुलाच्या तोंडून निघाले की वर्गात खसखस पिकते, आणि ते मूल पुढे वर्षभर हात वर करीत नाही. प्रमाण भाषा सर्वांनी अवश्य शिकावी. दूरच्या माणसाशी बोलावयास व लिहावयास ती पाहिजे. परंतु बोलीमुळे कोणाचे बोलणे हलके ठरत नाही. संत गाडगेबाबा १८७६ साली विदर्भात जन्मले आणि १९५६ साली निवर्तले. ते दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. त्यांनी आपली वऱ्हाडी बोली कधी टाकली नाही. समोरच्या हजारो लोकांस ते साधे प्रश्न विचारीत, लोक एकमुखाने उत्तर देत, आणि उत्तर देता देता कर्ज, दारू, नवससायास यांचा फोलपणा त्यांच्याच तोंडून वदविला जाई. मोठमोठे विद्वान त्या कीर्तनास येऊन बसत. आपल्या मुलांस हसणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी धरावी.

सहावा दोष सर्वांत गंभीर आहे, तो असत्याचा. भाषणास रंग यावा म्हणून ऐकीव गोष्ट खरी म्हणून सांगणे, आणि आपणांस आवडलेले वाक्य एखाद्या थोर पुरुषाच्या तोंडी घालणे, ही खोड अलीकडे फार वाढली आहे. भ्रमणध्वनीवर रोज सकाळी येणाऱ्या सुविचारांखाली कधी शिवाजी महाराजांचे, कधी विवेकानंदांचे, तर कधी डॉ. आंबेडकरांचे नाव असते. ते वाक्य त्यांचे आहे की नाही याची चौकशी कोणी करीत नाही. विद्यार्थ्यांनी असा नियम करावा की, जे वाक्य कोणत्या ग्रंथात वा भाषणात आहे हे ठाऊक नाही, ते कोणाच्याही नावावर घालावयाचे नाही. ते चांगले असेल तर नावाशिवायही चांगलेच राहील. सभेत एकदा खोटे ठरलेल्या माणसाचे पुढचे खरेही लोक ऐकत नाहीत. मराठीत ज्यास आपण ‘शब्द’ म्हणतो त्याचा एक अर्थ वचन असाही आहे, हे बोलणाऱ्याने विसरू नये.

आता भीतीविषयी. हा दोष मुळीच नव्हे, म्हणून त्यास आम्ही क्रमांक दिला नाही. हातपाय कापणे, घसा कोरडा पडणे, पोटात गोळा उठणे, हे सर्वांस होते. १८९६ साली दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची दैना सांगण्यास गांधीजी मुंबईच्या सभेत उभे राहिले, तेव्हा त्यांचे अंग कापू लागले व लिहून आणलेले भाषणही त्यांच्याने ऐकू जाईलसे वाचवेना. अखेरीस ते दिनशा वाच्छा यांनी वाचून दाखविले. ही हकीकत गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत नमूद केली आहे, आणि आपल्या बुजरेपणाने आपणांस मोजके बोलण्याची सवय लावली, असेही तेथेच म्हटले आहे. तेव्हा ज्याचे पाय कापतात त्याने, आपण या कामास नालायक आहो, असे समजू नये. पाय किंचित अंतरावर घट्ट रोवावे, हात मोकळे सोडावे, एक दीर्घ श्वास घ्यावा, आणि लोक मला काय म्हणतील, हा विचार सोडून, मला लोकांस काय सांगावयाचे आहे, हा विचार मनात आणावा. वर सांगितलेले बहुतेक दोष पाहिले तर त्यांचे मूळ येथेच सापडते. वक्त्याचे लक्ष स्वतःकडे असते म्हणून तो उसने शब्द आणतो, घाई करतो, ओरडतो, लांबण लावतो आणि प्रसंगी खोटेही बोलतो. ते लक्ष समोरच्या माणसाकडे व विषयाकडे वळले की यांतील पुष्कळ दोष कोणी न सांगता गळून पडतात.

पालकांस एक विनंती आहे. मुलाचे भाषण त्यास लिहून देऊ नका. त्यास प्रश्न विचारा. तुला यातले काय आवडले? का आवडले? तू स्वतः काय पाहिलेस? त्याच्या उत्तरांतूनच भाषण तयार होईल. ते ओबडधोबड असेल, पण त्याचे असेल. रात्री जेवताना पाच मिनिटे मुलास दिवसाची हकीकत सांगू द्या, आणि तो सांगत असता हातातील भ्रमणध्वनी बाजूस ठेवून त्याच्याकडे पाहा. आपले कोणी ऐकते, असा विश्वास ज्यास घरी मिळाला, त्यास सभेचे भय फारसे राहत नाही. आणि बक्षीस न मिळाल्यास त्याचा हिरमोड होऊ देऊ नका. बक्षीस परीक्षकांच्या बेरजेने मिळते. बोलण्याची हिंमत ज्याची त्याने कमावलेली असते, ती कोणाच्या बेरजेने कमी होत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील फार थोडे जण पुढे मोठे वक्ते होतील, आणि तसे सर्वांनी व्हावे अशी आमची इच्छाही नाही. परंतु तुम्ही सर्व जण कोणत्या ना कोणत्या सभेत सभासद म्हणून बसाल, यात संशय नाही. एखादे दिवशी तेथे एखादा ठराव वाचला जाईल. तो तुमच्या किंवा तुमच्या शेजाऱ्याच्या हिताचा नाही, असे तुम्हांस दिसेल. अध्यक्ष विचारतील, कोणाची काही हरकत आहे काय? त्या वेळी अलंकार लागणार नाहीत, हावभाव लागणार नाहीत. उभे राहावे, आपले नाव सांगावे, आपले म्हणणे चार वाक्यांत, सर्वांस ऐकू जाईल अशा आवाजात, कोणाचा अपमान न करता मांडावे आणि खाली बसावे. ठराव कदाचित तरीही मंजूर होईल. पण कार्यवृत्त लिहिणाऱ्यास त्या दिवशी ‘सर्वानुमते’ हा शब्द लिहिता येणार नाही, आणि मागच्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या एखाद्या माणसास, पुढच्या सभेत आपणही उभे राहावे, असे वाटू लागेल.